हिरवळीवरची बाज

रुमाल म्हणजे माणूस नव्हे, हे मी रोज सांगते. मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी नीट लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत येतात, टोप्या येतात, पिशव्या येतात, एकदा तर पाय बांधलेली कोंबडी आली. मागून मालक दारातून चढतो आणि सीटवर बसलेल्या एखाद्या म्हातारीला उठवायला लागतो, "माहा रुमाल होता इथं." मी लेडी कंडक्टर. मी आधी त्या रुमालाला तिकीट विचारते. रुमाल काही बोलत नाही. मग तो उचलून मालकाच्या खांद्यावर टाकते आणि म्हातारीला म्हणते, "बस माय, हालू नको."

तोंडानं मी तिखट आहे, हे मला माहीत आहे. लोक मला घाबरतात आणि माझ्याच गाडीत बसायला धावतात. त्यामुळेच यंदा आमच्या समितीनं कार्यक्रमाची बैठक व्यवस्था माझ्या गळ्यात टाकली. म्हणाले, माणसं बसवणं तुमचं रोजचंच काम आहे. मी हो म्हणाले, कारण आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही असं वाटायची मला खोड आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वस्तीत गाण्यांचा कार्यक्रम असतो. दरवर्षी तो विहारापुढच्या मातीच्या पटांगणात व्हायचा. यंदा विहाराच्या सभागृहाचं बांधकाम निघालं आणि पटांगणात रेती-गिट्टीचे ढीग पडले. तेव्हा मानोरा रस्त्यावरच्या गुलाबसिंग राठोडांनी एका संध्याकाळसाठी आपलं लॉन दिलं, काहीही न घेता. लग्नं लागतात ते लॉन. त्यावर खरी हिरवळ आहे. मे महिन्यात जिल्हाभर ढेकळं तापलेली असताना या माणसानं बोअरच्या पाण्यावर गवत जगवलंय, आणि त्याच्याबद्दल तो असा बोलतो जसं लोक घरी आलेल्या जावयाबद्दल बोलतात.

"गवतात खिळा ठोकायचा नाही, चपला बाहेर काढायच्या," तो समितीच्या बैठकीत म्हणाला. "बाकी लॉन तुमचंच समजा, ताई."

समितीचे अध्यक्ष राजपाल सर. निवृत्त मुख्याध्यापक, मोठ्या मनाचा माणूस, पण पाहुणे आणि सोफे या दोन गोष्टी समोर आल्या की त्यांना तिसरं काही दिसत नाही. स्टेजपुढं सोफ्यांची रांग पाहिजेच, असं त्यांनी धरूनच ठेवलं.

"पाहुने खाली बसतीन काय, मंजूताई? चांगलं दिसते काय ते?"

"ठेवा तुमचे सोफे," मी म्हणाले. "पन बाकीच्या लॉनवर एकच कायदा. बसन त्याची जागा. रुमाल, चटई, वीट, चप्पल, काईच टाकून जागा धराची नाई. टाकलं त मी उचलीन. अध्यक्षाचं असलं तरी उचलीन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षी दुपारपासून सतरंज्या टाकून ठेवणारी घरं तर जास्तच जोरात वाजवत होती.

घरी येऊन मी लॉन मांडायला बसले. आमच्या अंगणात माझ्या सासूबाईंची, हिरीबाईंची, सुताडीनं विणलेली बाज असते. दिवसभर त्या तिच्यावरच पाय लांब करून बसतात. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाचाच संप पुकारलाय. खाली बसल्या तर उठवायला दोघं लागतात. खुर्चीवर बसल्या तर पाय लोंबकळून सुजतात. बाजेवर मात्र त्या राणीसारख्या असतात. मी त्यांच्या पायाशी बाजेवर फडकं पसरलं. मुरमुरे म्हणजे खाली बसणारी माणसं, शेंगदाणे म्हणजे कडेच्या खुर्च्या, आणि गुळाचे खडे म्हणजे राजपाल सरांचे सोफे.

"स्टेज उगवतीकडं ठेव," हिरीबाई म्हणाल्या. "लोकाइच्या पाठीवर ऊन राहीन, डोळ्यात नाई. अन् गानं सुरू झालं का स्टेजच्या मागून चांद वर येईन."

हे मला सुचलं नव्हतं. मी फडकं फिरवलं. मग मधून जायला वाट ठेवली, बायका डावीकडं, माणसं उजवीकडं, लेकरं पुढं, तान्ही पोरं असलेल्या बाया कडेला, म्हणजे पोर रडलं तर उठून जाता येतं. गाडीत हेच करते मी, फक्त इथं छत नव्हतं. मुरमुऱ्यांची शेवटची रांग लावून वर पाहिलं, तर पुढची रांग गायब.

"आत्याबाई, तुमी सारे पाहुने खाऊन टाकले."

"गोड होते," त्या म्हणाल्या आणि बोटं चाटली.

माझी लेक वैभवी खांबाला टेकून हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. "आई, आजी कुठी बसन?"

तिथंच सगळी गोम होती. वैभवी नववीत आहे. गळा चांगला आहे, पण जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मधल्याच कडव्यात तिला शब्द आठवेना झाले. माईक हातात, समोर सगळी शाळा, आणि ही गप्प. ती खाली उतरली ती होळीपर्यंत न्हाणीघरातही गुणगुणली नाही. मग हिरीबाईंनी तिला जवळ बसवून आपलं गाणं शिकवलं. त्यांनी ते तरुणपणी लोकांच्या वावरात निंदता निंदता रचलेलं. कागदावर कधी आलंच नाही. आता त्यांना दम पुरत नाही, म्हणून त्यांनी ते नातीच्या गळ्यात ठेवलं. शिकवताना त्या आवाज न करता नुसते ओठ हलवायच्या आणि वैभवी त्यांच्या ओठांकडं पाहत गायची. उद्याच्या कार्यक्रमात तिला पहिल्यांदाच मोठ्या माणसांच्या स्टेजवर ते म्हणायचं होतं.

"आजी मले समोर दिसली पाह्यजे," ती म्हणाली. "तिचे ओठ दिसले का मले आठवते. नाई दिसली त मी नाई गात."

हे ती हट्टानं म्हणाली नाही, भिऊन म्हणाली. हट्ट असता तर मी एक धपाटा दिला असता. भीतीला काय करणार?

माझा नवरा संघपाल गायन पार्टीत ढोलकी वाजवतो. तो ढोलकीची शाई तपासत शांतपणे म्हणाला, "सोफ्यामागं आईचा एक रुमाल टाकून ठेव ना. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली," मी म्हणाले. "साऱ्या वस्तीचे रुमाल उचलाचे अन् घरचा तेवढा ठेवाचा काय? उद्या गाडीत कोन ऐकन माहं?"

तो पुन्हा ढोलकीकडं वळला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला कुठं थांबायचं ते कळतं. पण मला काही कळत नव्हतं. पुढची जागा धरायची तर दुपारपासून येऊन बसावं लागणार, आणि हिरीबाईंना खालीही बसवत नव्हतं, खुर्चीवरही नाही. वैभवी माझ्याकडं पाहत होती, मी मुरमुऱ्यांकडं पाहत होते.

"पाहू," हिरीबाई म्हणाल्या आणि उरलेला एक सोफाही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी होती. कारंज्याची फेरी करून परत आले, मशीन आणि कॅश जमा केली, आणि खाकी साडी न बदलता तशीच लॉनवर गेले. उन्हं कलली होती. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माझं डोकं फिरलं. त्या सुंदर गवतावर माणूस एक नव्हता आणि जागा एक रिकामी नव्हती. रुमाल, दुपट्टे, चटया, शेल्याला चार कोपऱ्यांवर चार दगड. कुणी हेल्मेट ठेवलेलं, कुणी कुकरचं झाकण. सोफेवाला पुढं सोफे लावत होता, आणि एका सोफ्यावर पांढराशुभ्र, घडी घातलेला, राजपाल सरांचा रुमाल होता.

आणि या सगळ्याच्या मधोमध, सोफ्यांच्या लगेच मागं, आमची बाज. तिच्यावर छत्री उघडून, पाय लांब करून, हिरीबाई. त्या संघपालला सांगून ढोलकी आणणाऱ्या गाडीत बाजेसकट आल्या होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"बसन त्याची जागा, तुनंच सांगतलं ना? मी बसली." छत्री जरा मागं करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कायले पाहून राह्यली अशी? मी काय रुमाल हाव?"

मला हसू आलं. या बाईनं माझा कायदा न मोडता माझ्या लेकीची सोय केली होती, तीही भर उन्हात बसून. बोलले असते तर रडले असते, आणि खाकीत रडायचं नसतं असं मी ठरवलेलं आहे.

मी कामाला लागले. एकेक रुमाल उचलला, चटया गुंडाळल्या, हेल्मेट घेतलं, राजपाल सरांचा रुमालही घेतला आणि सगळा ढीग हिरीबाईंच्या बाजेवर नेऊन टाकला. "मालक आला का देऊन टाका," म्हटलं. त्या ढिगावर हात ठेवून बसल्या. वस्तीतले लोक येऊ लागले, आपापले रुमाल मागू लागले, आणि हिरीबाई प्रत्येकाला आधी दोन शब्द सुनावून मगच रुमाल देऊ लागल्या.

तेवढ्यात राजपाल सर आले. बाजेला एक चक्कर मारून त्यांनी चष्मा पुसला. "मंजूताई, हिरीमायबद्दल मले आदर हाय. पन ही बाज इतकी उंच, मागं बसनाऱ्याले स्टेज कसं दिसन?"

ते खरं होतं. मागून रूपा नावाची माझीच मैत्रीण म्हणाली, "आमच्या चटया उचलल्या, अन् कंडक्टरच्या सासूले स्लीपर कोच." लोक हसले. चिडून नव्हते हसले, पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी बाजेमागं जाऊन गवतावर बसून पाहिलं. खरंच, हिरीबाईंची पाठ, छत्री आणि बाजेची पाटी, एवढंच दिसत होतं. स्टेजचा नुसता वरचा पडदा.

आता माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या, माझी लेक आणि माझा शब्द. वैभवी स्टेजच्या बाजूला निळ्या काठाची पांढरी साडी सावरत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मान हलवून मला नको म्हणत होती.

"बाज बाजूच्या निंबाखाली घ्या," मी म्हणाले. निंबाखालून स्टेज अर्धंच दिसतं, हे मला ठाऊक होतं. माझा आवाज गाडीत असतो तसाच ठणठणीत निघाला, पण वैभवीकडं पाहायचं मी टाळलं. हिरीबाईंनी वाद घातला नाही. छत्री मिटली आणि म्हणाल्या, "तुह्य बरोबर हाय, मंजू. मागच्याइनं काय पाप केलं?" त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाज उचलायला मी माणसं शोधू लागले, तर सगळी माणसं फाटकाकडं पाहत होती. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

इथं गोविंदाबद्दल सांगायला हवं. गोविंदा शेजारच्या खेड्यातला शेतकरी. आमच्या वस्तीशी त्याचा जुना घरोबा. दरवर्षी कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो आपला पाण्याचा टँकर घेऊन येतो आणि विहाराचं पटांगण भिजवतो. आमच्याकडं उन्हाळ्यात माती अशी उडते की पाणी मारल्याशिवाय बाहेर कुठलाच कार्यक्रम होत नाही, मग ते लग्न असो, कबड्डी असो की सभा. ते काम त्याचं. त्याला कुणी सांगत नाही, तो कुणाला विचारत नाही. यंदा जागा बदलली एवढंच त्याला कळलं होतं. तो लॉनच्या मागच्या फाटकातून आत आला आणि पाइप सोडून दिला.

आम्ही स्टेजच्या बाजूला बाजेवरून वाद घालत होतो तोवर त्यानं अर्धं लॉन न्हाऊ घातलं होतं. गुलाबसिंगनं सकाळीच, पाहुण्यांपुढं गवत हिरवंगार दिसावं म्हणून, तुषार लावून ते एकदा भिजवलेलं होतं. वर हे. पाणी गवतातून चकाकत आमच्याकडं येऊ लागलं. बसलेल्या बाया लुगडी, साड्या आवरत उठल्या आणि उंच जागा म्हणून सरळ हिरीबाईंच्या बाजेवर चढल्या. रूपा सगळ्यात आधी.

"अबे गोविंदा," गुलाबसिंग कोपऱ्यातून ओरडत धावत आला, "गवत हाय हे, फुफाटा नाई."

गोविंदानं पाइप तसाच धरून खाली पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "कार्यक्रम हाय त पानी मारा लागते ना," तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात खोट काढायला कुणालाच जमेना. आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं, तर आम्हीही मारच म्हणालो असतो.

राजपाल सर मात्र आता घाईवर आले, कारण पाहुणे आले होते. वाशीमचे एक गोरे, गोल, हसतमुख गृहस्थ. सरांनी त्यांना हाताला धरून पहिल्या सोफ्यावर बसवलं. आमची जमीन काळी, कापसाची. वाळली की दगड, भिजली की लोणी. पाहुणे मागं रेलले आणि सोफ्याचे मागचे पाय सावकाश आत गेले. पाहुणे आभाळाकडं पाहू लागले. सर त्यांना वाचवायला शेजारच्या सोफ्यावर टेकले, तर तोही तसाच. दोघंही शेजारी शेजारी, पाय वर, चंद्र शोधत असल्यासारखे.

आधी पाहुणेच हसले. मग कुणालाच थांबवता येईना. मी इतकी हसले की कडेच्या खुर्चीचा आधार घ्यायला गेले, तर तीही खाली जाऊ लागली.

"खुर्च्या काढा, सोफे काढा," गुलाबसिंग रडकुंडीला येऊन सांगत होता. "माह्या लॉनची चाळण होऊन राह्यली."

आता मला सुचायला लागलं. माझं डोकं असंच आहे, गाडी बंद पडली की चालतं. "ताडपत्र्या आना," मी ओरडले. सोयाबीन झाकायला घरोघरी ताडपत्र्या असतात, आणि मे महिन्यात त्या नुसत्या माळ्यावर पडून असतात. गोविंदाला तर हवंच होतं काहीतरी करायला. त्यानं ट्रॅक्टर पिटाळला आणि वस्तीतून, आपल्या खेड्यातून, मिळतील तेवढ्या ताडपत्र्या आणल्या. निळ्या, पिवळ्या, काळ्या, त्यांच्यावर सतरंज्या. बायका डावीकडं, माणसं उजवीकडं, मधे वाट. पाहुणे पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, त्यांच्या शेजारी राजपाल सर, त्यांच्या शेजारी लेकरं. जो आला तो बसला. रुमालाला जागाच उरली नाही, कारण ताडपत्री अंथरल्या अंथरल्या माणूस बसत होता. माझ्या मुरमुऱ्यांच्या नकाशात गुळाचा एकही खडा उरला नव्हता, आणि मला तो आधीपेक्षा आवडला.

राहिली बाज. चौघं जण तिला निंबाखाली न्यायला आले. बाजेवर हिरीबाई, रूपा आणि आणखी तिघी जणी दाटीवाटीनं बसून गप्पा मारत होत्या. त्यांना उतरवलं, हिरीबाईंना धरून उभं केलं, आणि चौघांनी चार खूर धरले. बाज हलेना. बायांच्या वजनानं ती पाऊण खाली गेली होती आणि मातीनं खूर घट्ट धरले होते. त्यांनी जोर केला तसं एका खुराजवळचं गवत मुळासकट वर आलं.

"ओढू नका," गुलाबसिंग मधे पडला. "हात नका लावू तिले. राहू द्या तिथंच. सकाळी मी मोकळी करतो."

"पन मागच्याले दिसन नाई ना," राजपाल सर म्हणाले.

हिरीबाईंना परत बसवलं. सर स्वतः मागं गेले, ताडपत्रीवर बसले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. बाज आता गवतापासून वीतभर उंच होती. हिरीबाईंचं डोकं शेजारी खाली बसलेल्या बायांच्या डोक्यांच्या रांगेत आलं होतं.

"दिसते," सर म्हणाले. "सारं दिसते."

रूपा बाजेजवळ खाली बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "स्लीपर कोच साधा झाला." मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण त्या वेळी मला तिची पापी घ्यावीशी वाटत होती. स्टेजच्या कडेला वैभवीनं डोळे पुसले, मग आमच्याकडं पाहून हात हलवला.

कार्यक्रम सुरू झाला. ओल्या गवतावरून गार वारा येत होता, मेमध्ये, आमच्या जिल्ह्यात. लोक पुन्हा पुन्हा म्हणत होते, काय गार वाटून राह्यलं. गोविंदाला पाहुण्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि तो खाली मान घालून लाजत होता. गुलाबसिंगलाही कुणीतरी ओढून बसवलं. पहिल्या गाण्याला स्टेजच्या पडद्यामागून चंद्र वर आला, हिरीबाईंनी सांगितला होता तिथूनच.

मी मात्र बसले नव्हते. मला सवयच नाही. गाडीत सगळे बसतात, मी उभी असते. इकडं एक पोर वाटेत आलं, तिकडं कुणाची ताडपत्री दुमडली, मागून उशिरा आलेले लोक, "सरका पुढं, मधात जागा हाय." निवेदकानं वैभवीचं नाव घेतलं तेव्हा मी बाजेच्या पुढंच एका लेकराला त्याच्या आईकडं सरकवत होते.

वैभवीनं माईक धरला. संघपालनं ढोलकीवर अलगद थाप दिली. ती म्हणू लागली.

निंदता निंदता अक्षर गावलं मातीत,
पदरानं पुसलं, घातलं लेकीच्या ओटीत.

आवाज थोडा कापत होता, पण सूर धरून होता. हे शब्द मी अंगणात शंभरदा ऐकले होते. लाउडस्पीकरच्या चार मोठ्या पेट्यांतून ते साऱ्या लॉनवर पसरताना ऐकले आणि माझे पाय जागीच खिळले. बायांनी माना डोलावल्या. ती पुढच्या कडव्यावर आली.

नाव पुसलं अक्षराले, ते 'भीम' म्हनालं,
तवापासून...

आणि ती थांबली. संघपालनं ढोलकीवर तोच ठेका पुन्हा फिरवला. ती गप्प. तिचे डोळे आमच्या दिशेला शोधत होते, डावीकडं, उजवीकडं. चेहरा जानेवारीतल्यासारखा पांढरा पडत होता. मी आणखी ताठ उभी राहिले आणि दोन्ही हात हलवून तिला खुणा करू लागले, म्हण, म्हण, आम्ही आहोत.

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मी झटकला. पुन्हा ओढला, चांगलाच.

"अवं, खाली बस ना आता," हिरीबाई म्हणाल्या. "मघापासून ओठ हलवून राह्यली मी. तुह्या पाठीनं झाकलं मले."

मी वळून पाहिलं. मागची सगळी रांग माझ्याकडं पाहत होती. "कंडक्टरबाई, बसा," कुणीतरी म्हणालं. साऱ्या वस्तीला बसवणारी मी, आणि त्या क्षणी लॉनवर एकटी मीच उभी होते. बसू कुठं? माझ्यापुढं लेकरं होती, बाजूला बाया होत्या. मी स्वतःसाठी जागा ठेवलीच नव्हती. नकाशात माझा मुरमुरा नव्हताच.

हिरीबाईंनी बाजेवर थोपटलं. त्यांच्या शेजारी, माणूस मावेल एवढ्या रिकाम्या सुताडीवर, एक पांढराशुभ्र घडीचा रुमाल टाकलेला होता.

"गानं सुरू झाल्यापासून कोनालेच बसू नाई देल्लं," त्या म्हणाल्या. "सूनबाईची जागा हाय म्हनलं."

मी रुमालावर बसले. बाज आणखी बोटभर खाली गेली. वैभवीला आजी दिसली. हिरीबाईंचे ओठ हलले, आणि वरून, ढोलकीच्या ठेक्यावर नेमकी, ओळ आली.

तवापासून घर माहं बोलाले लागलं.

लॉन उठलं नाही, उठायला मी परवानगीच दिली नव्हती, पण बसल्या जागी टाळ्या अशा पडल्या की निंबावरचे बगळे उडाले. ती ओळ तिनं पुन्हा म्हटली, मग पुन्हा, आता न थांबता, आणि तिसऱ्यांदा तर आजीकडं न पाहता. हिरीबाईंचे ओठ तेव्हा थांबले. त्या नुसत्या ऐकत बसल्या. आपलं गाणं त्या पहिल्यांदाच बसून ऐकत होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी रडत होते, खाकीत, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं राजपाल सर पुढून वळले आणि हळूच म्हणाले, "मंजूताई, माहा रुमाल पाह्यला काय?"

"पाह्यला," मी म्हणाले. "पन आता नाई भेटत. मी बसली हाव त्याच्यावर."